मला माझी मुलगी आठवली तो दिवस

आई झालं की माया आपोआप येते, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मला ती आली नाही. मुलगी झाली, नर्सबाईंनी पुसून, गुंडाळून माझ्या कुशीत ठेवली, आणि मला काहीच वाटलं नाही. आनंद नाही, रडू नाही, भीतीसुद्धा नाही. गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं "जरा धरता का हो, पाणी घेऊन येते" म्हणून आपलं मूल आपल्या हातात द्यावं, तसं मी तिला धरलं होतं. जपून धरलं होतं. पण मनात एकच होतं, की हिची आई कधी येणार.

हे आता लिहिता येतं, कारण मध्ये काही वर्षं गेली आहेत. मी बरी झाले. मुलगी, ईश्वरी, बालवाडीत जाते आणि डबा अर्धा परत आणते म्हणून माझी बोलणी खाते. मी लिहायला बसले ती एका बाईमुळं. मी शिकवते त्या शाळेत मोठ्या मुलाला सोडायला ती येते, कडेवर तान्हं असतं. परवा गेटपाशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, मला ह्याच्याकडं बघवत न्हाय. मी राक्षसीण हाय का वो?" तिला बाकावर बसवून जे सांगितलं, तेच इथं लिहिते आहे.

शहाळी

मी बारामतीची. दादा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. डी.एड. करून मी एका खाजगी शाळेत लागले होते. लग्न निमगाव केतकीला झालं. सासरी पानमळा होता, थोडं डाळिंब होतं. घरात सासूबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणायचो, मोठे दीर आणि मोठी जाऊ मनीषाताई. नवऱ्याचं नाव मी इथं घेणार नाही. माझ्या मुलीच्या नावामागं ते लागतं, तेवढं पुरे.

पानमळा मला फार आवडायचा. बाहेर ऊन भाजत असलं तरी आत शिरलं की अंगावर ओली सावली पडायची. चपला बांधावर काढायच्या आणि हलक्या हातानं पान खुडायचं. मनीषाताई आणि मी शेजारशेजारच्या ओळीत असायचो. ती अखंड बोलायची. मी ऐकायचे. लग्नानंतरचं सुख म्हणून आठवायला बसलं, तर मला आधी ती सावली आठवते आणि मग नवरा.

पाचवा महिना होता. जेवताना मी सहज म्हणाले, "बाळ जरा मोठं झालं की परत शाळेत जाईन म्हणते." त्यानं समोरचा तांब्या उचलला आणि फेकून मारला. तो माझ्या खांद्यावर बसला. आत्यांनी उठून सांडलेलं पाणी पुसलं. ताईनं माझ्या ताटात, काही झालंच नाही अशी, भाकरी वाढली.

"पोटाला न्हाय ना लागलं?" हे पहिल्यांदा विचारलं ते त्यानंच. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "तू असलं बोलून माझं डोकं फिरवतीस बघ." दुसऱ्या दिवशी इंदापूरहून येताना शहाळी घेऊन आला. स्वतः कोयत्यानं फोडून, ग्लासात ओतून, माझ्या शेजारी बसून मला पाजली.

खरं सांगायचं तर मार मला तितका आठवत नाही, जितकी ती शहाळी आठवतात. मारल्यानंतरचे काही दिवस तो जसा वागायचा, तसा माणूस मला कायमचा हवा होता. त्या माणसाची मी वाट बघत राहायचे. तो यायचासुद्धा. पण त्याच्या येण्याचा रस्ता माझ्या अंगावरूनच जायचा.

डोहाळजेवणाला मी लांब बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला होता. बायका म्हणाल्या, नवीन फॅशन दिसतेय. तपासणीला गेले की डॉक्टर विचारायच्या, "हे काळंनिळं कशानं?" मी म्हणायचे, "न्हाणीत घसरले." दादांना एकदा फोनवर जेमतेम सांगितलं. ते म्हणाले, "माणूस आहे, राग येतो. दारू तर पीत नाही ना?" तो दारू पीत नव्हता. तंबाखूसुद्धा खात नव्हता. गावात त्याचं नाव चांगलं होतं. त्या चांगल्या नावाखाली मी दबून गेले होते.

बाळंतीण

बाळंतपणाला माहेरी आले. आईनं काही कमी केलं नाही. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, बाजरीची घाटी, सगळं वेळच्या वेळी. घरात माझ्यावर हात उगारणारं कुणी नव्हतं. आता बरं वाटायला हवं होतं.

पण मुलगी झोपली तरी मला झोप यायची नाही. डोळे मिटले की छातीत धडधड सुरू व्हायची. अंघोळ घालून आई तिला माझ्याजवळ द्यायची, तेव्हा वाटायचं की ही माझ्या हातून पडणार. मग वाटायचं, पडली तर? आणि त्या 'पडली तर'नंतर मनात जे चित्र यायचं, त्यानं मी दचकून तिला आईकडे परत द्यायचे. आईला वाटायचं, पोरगी थकली आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाळंतवात असेल, काजळ घाला, कान बांधा. मी कान बांधून बसायचे. मला कुणाला सांगता येत नव्हतं की दुखतंय ते कानात नाही.

बारशाला मुलीचं नाव ईश्वरी ठेवलं. नाव सासरचं होतं. मी पाळण्याची दोरी ओढत होते आणि बायका गात होत्या. सगळ्या फोटोंत मी हसते आहे. आज ते फोटो पाहिले की वाटतं, ह्या बाईला कुणीतरी खांद्याला धरून बाजूला न्यायला हवं होतं.

सव्वा महिना झाल्यावर निमगावला परतले.

ताईचं दूध

मनीषाताईचा शंभू तेव्हा रांगत होता आणि अंगावर पीत होता. मला दूध होतं, पण ईश्वरीला जवळ घेतलं की माझं अंग आकसायचं. ती हिसका द्यायची आणि रडायची. ती रडली की तो चिडायचा.

एका दुपारी ती रडत होती आणि मी तिला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसले होते. तो बाहेरून आला. "लेकरू वरडतंय, ऐकू येत न्हाय का?" म्हणाला आणि मला मारलं. मुलगी मांडीवर असतानाच. माझं डोकं भिंतीवर आपटलं. ताई धावत आली. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या मांडीवरून ईश्वरीला उचललं, आत नेलं, आणि रडणं थांबलं.

थोड्या वेळानं मी आत डोकावले. ताई भिंतीला टेकून बसली होती. एका बाजूला शंभू, दुसऱ्या बाजूला माझी मुलगी. ईश्वरी डोळे मिटून, मुठी सोडून पीत होती. ताई मला बघून ओशाळली.

"रागावू नगंस. लई भुकेली हुती गं."

मला राग आला नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तिची आई सापडली, असं वाटलं.

त्यानंतर ताईच तिला पाजायला लागली. मी दिवसभर खोलीत पडून असायचे. बाहेरून पानांच्या गड्ड्या बांधणाऱ्या बायकांचा आवाज यायचा. मळ्यात जावंसं वाटायचं. पण ओल्या बाळंतिणीनं इतक्यात मळ्यात पाऊल टाकायचं नाही, वेलीला चालत नाही, असं आमच्या घरात पाळत. आत्या मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायच्या आणि म्हणायच्या, "नाटकं हायेत समदी. आमी काय पोरं जन्माला घातली न्हाईत व्हय?"

मी घराला जड झाले आहे, मुलीला जड झाले आहे, मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल, हा विचार केव्हा आला ते सांगता येणार नाही. आला आणि तो मला शहाणपणाचा वाटला. हेच ह्या आजाराचं सगळ्यात वाईट आहे. तो आपल्याच आवाजात बोलतो.

एका सकाळी मी घरातून निघाले आणि शेततळ्याच्या वाटेला लागले. फार लिहीत नाही. काठाला तारेचं कुंपण होतं, तिथं मी उभी होते. मागून ताईचा आवाज आला. ती धावत आली नव्हती, ओरडलीही नव्हती. ईश्वरीला खांद्यावर टाकून चालत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"रूपे, हिला धर. माझी कंबर धरलीया."

मी मुलीला धरलं. दोन्ही हात अडकले. ताईनं माझा दंड घट्ट पकडला आणि मला घरी आणलं. मग तिनं परसात जाऊन स्वतःच्या फोनवरून माझ्या आईला फोन लावला. मला खिडकीतून ऐकू येत होतं.

"काकू, तुमची लेक न्या. आजच न्या. मागनं बोलणी मी खाईन, पण आज न्या."

दादा आणि आई शेजाऱ्यांची गाडी घेऊन दुपारी आले. माझ्या कपाळावरची खूण दादांनी पाहिली. आईनं ईश्वरीला घ्यायला हात पुढं केले, तेव्हा आत्या आडव्या आल्या. "तुमची लेक घिऊन जावा. लेकरू आमचं हाय. असल्या बाईजवळ लेकरू दिऊन काय करायचं?" नवरा दारात उभा होता. आई भांडली, रडली. दादा म्हणाले, "आधी हिला दवाखान्यात नेऊ. मग बघतो मी."

मी गाडीत जाऊन बसले. मागं वळून पाहिलं नाही. वळावंसं वाटण्याइतकंसुद्धा माझ्यात काही उरलं नव्हतं.

बारामती

मानसोपचाराच्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी आई-दादांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "बाळाबद्दल मनात भीतीदायक विचार येतात का?" आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले आणि वाटलं, आता ही पोलिसांना बोलावणार. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे खूप बायकांना होतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात. हा आजार आहे, तुमचा स्वभाव नाही. ह्यातून बायका बऱ्या होतात."

मग त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं. "आणि हे?"

"न्हाणीत..." मी सुरुवात केली.

त्या थांबून राहिल्या. मी वाक्य पूर्ण केलं नाही. पहिल्यांदाच केलं नाही.

"तुमच्या आजारावर माझ्याकडं औषध आहे," त्या म्हणाल्या. "पण मार हा तुमचा आजार नाही. त्यासाठी वेगळ्या माणसांची मदत लागेल, ती आपण घेऊ. आणि गरोदरपणात मार खाल्लेल्या बाईला हा आजार जडण्याची भीती जास्त असते. तुम्ही कमकुवत आहात म्हणून हे झालेलं नाही."

बाहेर आल्यावर त्यांनी दादांनाही समजावलं. दादा बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "तू फोन केलेलास तवा मी एसटी धरून यायला पायजे हुतं." इतकंच. माझ्या वडिलांना मी तेव्हा पहिल्यांदा गावच्या बोलीत बोलताना ऐकलं. एरवी ते माझ्याशी जपून, शुद्ध बोलायचे.

मला ॲडमिट करून घेतलं. वॉर्डातले दिवस एकसारखे होते. सकाळी चहा, गोळ्या, राऊंड, जेवण, गोळ्या, झोप. मी आयुष्यात इतकी झोपले नसेन. दूध थांबायचं औषध सुरू होतं, छाती दगडासारखी व्हायची, आई ओल्या फडक्यानं शेकायची. शेजारच्या कॉटवर डाळज गावच्या कांताबाई होत्या, साठीच्या. त्यांचा आजार वेगळा होता, कधीकधी त्या भिंतीशी भांडायच्या. पण रोज सकाळी माझे केस विंचरल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. "येणी घातली की डोकं जाग्यावर ऱ्हातं," म्हणायच्या. त्यांचे हात जड होते, केस ओढले जायचे, आणि मी ते ओढू द्यायचे. कुणाचा तरी हात अंगाला लागतोय आणि आपण दचकत नाही, हेच नवीन होतं.

गोळ्यांनी लगेच काही झालं नाही. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, वेळ लागेल. आधी झोप आली. मग तोंडाला चव आली. एकदा आईनं आणलेल्या मेथीच्या भाजीचा वास मला कळला आणि मी आईकडं पाहिलं, तर ती पदर तोंडाला लावून बसली होती.

मग तो दिवस आला. तपासणीसाठी नर्सबाई मला दुसऱ्या इमारतीत घेऊन चालल्या होत्या. वाटेत बाळंतिणींचा वॉर्ड होता. दार उघडं होतं. आत कुणाचं तरी मूल रडत होतं, अगदी नवं, चिरकं रडणं. मी दोन पावलं पुढं गेले आणि थांबले. माझा गाऊन छातीवर ओला झाला होता. औषध घेऊन आटत आलेलं दूध, कुणाच्या तरी लेकराच्या रडण्यानं भरून आलं होतं. आणि त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी आलं. ईश्वरीच्या टाळूचा वास. मला वाटत होतं, मी तो कधी घेतलाच नाही. पण घेतला होता. माझ्या नकळत माझ्या नाकानं तो साठवून ठेवला होता.

मी तिथंच, लोक जात-येत असताना, खाली बसले आणि रडले. नर्सबाई घाबरल्या. "काय होतंय? दुखतंय का?"

"मला माझी मुलगी पाहिजे," मी म्हणाले.

संध्याकाळच्या राऊंडला डॉक्टर बाईंना ते कळलं. त्या कॉटच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "आल्यापासून आज पहिल्यांदा तुम्ही काहीतरी मागितलंत." त्यांना आनंद झाला होता. मला मात्र जीव कुणीतरी पिळतंय असं होत होतं. बरं होणं इतकं दुखतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी काही वाटत नव्हतं ते बरं होतं, असंसुद्धा त्या दिवसांत वाटून गेलं. जाग आली की हात कॉटवर चाचपायचा. ती कधीच माझ्याजवळ त्या कॉटवर नव्हती, तरी हात चाचपायचा.

इंदापूर

घरी आल्यावर दादांनी निमगावच्या खेपा सुरू केल्या. पहिल्यांदा आत्यांनी दार उघडलं नाही. मग नवऱ्यानं निरोप पाठवला, की वेडीच्या हातात लेकरू देणार नाही, कोर्टात जा. दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंनी आम्हाला घरातल्या मारहाणीच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकारी बाईंकडं पाठवलं. तक्रार झाली. अर्ज कोर्टात गेला. तारखेच्या आधी इंदापूरच्या कचेरीत दोन्हीकडच्या लोकांना बोलावलं.

लहान खोली होती, पंखा कुरकुरत होता. नवरा, आत्या, दीर एका बाजूला. आई, दादा, मी दुसऱ्या बाजूला. आणि दारापाशी मनीषाताई, ईश्वरीला घेऊन. लेकरू आणायला सांगितलं होतं आणि ते तिच्याशिवाय कुणाकडं राहत नव्हतं, म्हणून तिला आणावं लागलं होतं.

ईश्वरी मोठी झाली होती. मान धरायला लागली होती. पंख्याकडं बघून हसत होती. मी तिच्याकडं बघितलं आणि मग बघताच येईना.

नवरा शांत आवाजात बोलत होता. हिचं डोकं ठिकाणावर नाही, ही मुलीला टाकून गेली, दवाखान्याचे कागद बघा. अधिकारी बाई म्हणाल्या, "कागद बघितले. डॉक्टरांनी लिहिलंय, ती आता मुलीला सांभाळू शकते, घरचे सोबत असतील तर. मारहाणीचं काय?"

"कुणी मारलंय? बघितलंय का कुणी?"

"मी बघितलंय."

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. ताईची मान खाली होती, पण आवाज स्वच्छ होता.

"तांब्या मारला तवा मी भाकरी वाढत हुते. भितीवर डोस्कं आपटलं तवा लेकरू मी उचललं. अजून बी बघितलंय. समदं सांगू का?"

"मनीषा!" आत्या किंचाळल्या. दीर उठून उभे राहिले. "चल घरी," ते म्हणाले.

"जाणारच हाय घरी. कुठं जाणार मी?" ताई म्हणाली. मग अधिकारी बाईंकडं वळून, "हिला दूध मी पाजतीया, बाई. पर लेकरू तिचं हाय. ती आजारी हुती. आजारी बाईचं लेकरू शेजारनीनं संबाळावं, तसं मी संबाळलं. ठिवून घ्यायला न्हाय."

पुढं बरंच बोलणं झालं. नवरा दोनदा बाहेर जाऊन वकिलाशी फोनवर बोलून आला. शेवटी कोर्टाचा हुकूम होईपर्यंत मूल आईकडं राहील, असं ठरलं. पुढं कोर्टानंही तेच केलं.

ताई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. ईश्वरीला माझ्या हातात देताना तिनं तिचं झबलं नीट केलं, एकदा, दोनदा, तीनदा. झबलं नीटच होतं. माझ्या हातात आल्याबरोबर ईश्वरी रडायला लागली. अंग ताणून, दोन्ही हात ताईकडं करून. ताई पाठ फिरवून भराभर बाहेर गेली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

तिसरी ओढ

मुलगी मिळाली, की सगळं सुरळीत झालं असं लिहायला आवडलं असतं. माझं दूध संपलं होतं. बाटली ती जिभेनं ढकलायची. माझ्याकडं बघून ओठ काढायची. मी तिच्यासाठी झुरत होते आणि ती ताईसाठी. आणि निमगावात एक बाई दाटलेली छाती घेऊन तिच्यासाठी झुरत असणार, हे मला ठाऊक होतं.

एकदा ईश्वरी काही केल्या थांबेना. मी ताईला फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडून आवाज आला, "बबडे, ए माझी बबडी, का रडतीस गं?" ईश्वरी थांबली. फोनकडं टक लावून बघत राहिली. आईनं तेवढ्यात बाटली तोंडाला लावली आणि तिनं ओढायला सुरुवात केली. फोनवर ताई बोलतच होती. शंभू काय करतो, मळ्यात वेल किती वर गेली, कोंबड्यांनी काय घाण केली. तिच्या त्या अखंड बोलण्यावर माझी मुलगी माझ्या मांडीवर पहिल्यांदा पोटभर प्याली.

असे काही फोन झाले. मग एक दिवस तो नंबर लागला नाही. नंतर कळलं, ताईचा फोन दिरांनी काढून घेतला होता आणि शंभूला ठेवून घेऊन तिला काही महिने माहेरी पाठवलं होतं. शंभूसाठी ती परत गेली. मी दादांना म्हणाले, आपण तिच्यासाठी काही करू. आम्ही अधिकारी बाईंमार्फत निरोप पाठवला. उत्तर आलं, "माझं बरं चाललंय म्हणावं. पोरीला संबाळ."

ईश्वरी हळूहळू माझी झाली. किंवा मी तिची. एका सकाळी ती झोपेतून उठली, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्यावर नजर पडल्यावर थांबली. बस, एवढंच. त्या दिवशी मी शाळेत नोकरीसाठी अर्ज दिला.

शाळेच्या बाकावर बसलेल्या त्या आईला मी हेच सांगितलं. माया आली नाही म्हणून तू वाईट नाहीस. आजार झालेला असू शकतो, त्याला डॉक्टर असतात, सरकारी दवाखान्यातही असतात. मनात जीव द्यायचा किंवा बाळाला काही करायचा विचार आला, तर एक दिवसही थांबू नकोस, जवळच्या कुणाला तरी लगेच सांग आणि एकटी राहू नकोस. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नकोस, मी एकदा केल्या होत्या आणि परत आजारी पडले. आणि घरात कुणी मारत असेल, तर 'न्हाणीत घसरले' हे वाक्य डॉक्टरांपुढं अर्धंच सोड. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमी याल का माझ्यासंगं?" आम्ही पुढच्या शनिवारी गेलो.

नवऱ्याला मुलीला भेटायची मुभा आहे. सुरुवातीला यायचा, आता क्वचित येतो. अजून कधीतरी शहाळं अर्धंच पिऊन मी ग्लास खाली ठेवते. तो माणूस मुळात नव्हताच, हे डोक्याला कळतं.

मंगल कार्यालय

गेल्या उन्हाळ्यात दादांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरचं लग्न इंदापूरला होतं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. ईश्वरी कुठं गेली म्हणून बघते, तर ती एका मुलाशी फुग्यावरून भांडत होती. मुलगा तिच्याहून थोडा मोठा. त्याच्यामागं मनीषाताई उभी होती.

ती वाळली होती. मला बघून तिनं आधी मागं पाहिलं. पलीकडं, बायकांच्या घोळक्यात आत्या बसल्या होत्या. ती माझ्याकडं आली नाही. मीच गेले.

"ताई."

"केवढी झाली गं," ती म्हणाली. नजर ईश्वरीवरच होती.

ईश्वरी धावत आली. "मम्मी, तो माझा फुगा देत नाही!"

ताई खाली वाकली. शंभूच्या हातातून फुगा सोडवून घेतला आणि तिच्यापुढं धरला. ईश्वरीनं तिच्याकडं, कुठल्याही परक्या बाईकडं बघावं तसं पाहिलं, फुगा घेतला, "थँक्यू काकू" म्हणाली आणि पळाली.

"काकू म्हणली," ताई म्हणाली. हसली. "बराबर हाय. काकूच हाय मी."

"मी तिला सगळं सांगणार आहे," मी म्हणाले. "थोडी मोठी झाली की."

"नगं सांगूस. उगं जीव अडकतो." ती पदर सारखा करून निघाली. दोन पावलं गेली आणि परत वळली. "अजून पालथीच झोपती का गं?"

"हो. पालथीच. उजवा हात गालाखाली घेऊन."

"डावा," ताई म्हणाली. "डावा हात घेती ती."

आत्यांनी हाक मारली आणि ती गेली.

दुपारी घरी आल्याबरोबर ईश्वरी लग्नातल्या फ्रॉकवरच झोपली. मी आवरता आवरता तिच्यापाशी थांबले. पालथी होती, केस घामानं कपाळाला चिकटले होते. हात डावाच होता. ताईला सांगावं म्हणून मी फोन हातात घेतला, आणि तिचा आताचा नंबर आपल्याकडं नाही हे आठवून तसाच धरून बसले.